ओट्यावर राहिलेला डबा

आमच्या घराला कुणी 'गाडी' म्हटलं, की त्याने चहा करायचा. हा दंड मीच लावला आणि वसूलही मीच करते. नवऱ्याच्या तोंडातून 'चल, गाडी पुसून घेतो' एवढं निसटलं की संपलं, ठेव म्हणावं आधण. त्यापायी त्याने गेल्या काही महिन्यांत जेवढा चहा केला, तेवढा अख्ख्या संसारात केला नसेल.

तसं पाहिलं तर ती गाडीच आहे, हे मलाही कळतं. एका शाळेची जुनी मिनीबस. नवरा आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्याने ती विकत आणली, सीटा काढल्या आणि पुरा उन्हाळा-पावसाळा खपून तिच्यात एक दिवाण, दोन बर्नरची शेगडी, पाण्याची टाकी, कपाट आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे हातभर देव्हारा बसवला. बाहेरून पांढरा रंग दिला, पण दार उघडलं की कडेला अजून शाळेचा पिवळा दिसतो. सीटा काढताना एका फटीत गुलाबी शार्पनर सापडलं होतं. ते मी फेकलं नाही, देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं. आम्हाला मूलबाळ नाही. हे इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अडलेलं आहे.

मीही मुदतीआधी नोकरी सोडली, यवतमाळचा फ्लॅट भाड्याने दिला आणि दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. माझ्या कचेरीतल्या बायका म्हणाल्या, "बाप्पा! लोक रिटायर झाल्यावर बंगला बांधतात, तुम्ही बस बांधली व?" धाकटा भाऊ त्यांच्याही वरचा. म्हणाला, "घर फिरलं की वासेही फिरतात म्हणे ताई, तुमचं तं घरच चाकावर फिरून राह्यलं. अन् किती बी फिरा, पळसाले पानं तीनच." मी म्हटलं, बोलून घे बाबा. फाल्गुनात तुझ्याच वावरात येऊन राहते, तेव्हा पाहू कोणाला किती पानं ते.

आणि खरंच गेलो. भावाचं गाव बोरी अरबच्या जवळ. गावातून दहा मिनिटं चाललं की त्याचं वावर लागतं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, तूर घरी गेली होती, एका पट्टीत तेवढा गहू उभा होता. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं एक जुनं झाड आहे, त्याच्याखाली आम्ही घर लावलं. पहाटे त्याची फुलं टपावर पडायची, टप्, टप्, जरा थांबून परत टप्. पहिल्या दिवशी मी नवऱ्याला उठवलं, "अहो, पाऊस." तो म्हणाला, "झोप, मोह आहे." नंतर त्या आवाजाची सवय झाली. दार उघडलं की तो गोडसर, जरा आंबूस वास आत यायचा. गार हवा असायची, समोर बांधाच्या पलीकडे दोन पळस नुसते लालभडक. मी चहाचा कप घेऊन लोखंडी पायरीवर बसायचे. तीस वर्षं मी सकाळी घड्याळाकडे पाहत चहा प्यायले होते. आता घड्याळ कुठे ठेवलंय तेही आठवायचं नाही. सुख म्हणतात ते हेच असेल तर मला ते झालं होतं. फक्त एक काटा होता, आणि तो रोज सकाळी नऊ वाजता पांदणीतून चालत यायचा.

तो काटा म्हणजे माझी आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, भावाकडे राहते. पाठीत जरा वाकली आहे, पण चालणं असं की मागे राहाल. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत भावजयीने भरून दिलेला जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली.

आमच्याकडे रीत आहे. लेकीला लेकरू होईस्तोवर आईबापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. पुष्कळ घरांत आता कोणी पाळत नाही. काहीजण ताटाखाली रुपया ठेवतात आणि खुशाल जेवतात. मीही हे एकदा सुचवलं होतं. आई म्हणाली, "मी काय खानावळीत आली का?" विषय संपला. लग्न झालं तेव्हापासून ती माझ्या घरी डबा घेऊन येते आणि स्वतःचं पाणी पिऊन जाते. नवरात्रात आली, माझ्या ऑपरेशनच्या वेळी पंधरा दिवस राहिली, तेव्हासुद्धा शेजारणीच्या गॅसवर आपली भाकर टाकायची. मला भरवायची आणि स्वतः बाहेर जाऊन खायची.

सुरुवातीला मी रडायचे. मग भांडायचे. "आई, डॉक्टरने सांगितलं, आता होणार नाही. मग हे किती दिवस?" ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची, "पाहू न," म्हणायची. चाळिशी उलटली तरी 'पाहू न'च. दहा-बारा वर्षांपूर्वी एक दिवस माझं डोकं फिरलं आणि मी ठरवलं, आता हिला 'जेव' म्हणायचंच नाही. बसू दे डबा घेऊन. राग माझ्या नाकावर असतो असं सगळे म्हणतात. नवरा म्हणतो, "खाण तशी माती." तो मार खाईल एक दिवस.

तर वावरात ती रोज यायची. मोहाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची. जावयाशी गप्पा, हरभऱ्याचे घाटे सोलणं, मला सूचना. "परदा धुवून टाक." "तो डबा उन्हात कायले ठेवला?" पण पायरी चढून आत यायची नाही. बारा वाजले की पिशवीतून डबा काढायची, तोंड जरासं पलीकडे करून जेवायची. आणि मी आत, खिडकीच्या आड, माझं ताट घेऊन बसलेली. मधे पत्र्याची एक भिंत. किती हट्टी असावं माणसाने? हा प्रश्न मी तिच्याबद्दल विचारायचे, स्वतःबद्दल नाही.

होळी झाली. धुळवडीला पळसाची फुलं उकळून रंग केला, भावाने तो नवऱ्याच्या टकलावर ओतला, नवरा दोन दिवस भगवा दिसत होता. त्याच्या तिसऱ्या दिवशी यवतमाळहून माझी मैत्रीण आली. कचेरीत आम्ही टेबलाला टेबल लावून वर्षं काढली. तिला काहीही सांगावं लागत नाही, आणि ती न विचारता बोलते. तिचं म्हणणं पडलं, पळस असा फुललेला असताना एका जागी काय बसता, पुसदच्या रस्त्याने जाऊ, कुठेतरी नाल्यात गोवऱ्या पेटवून रोडगे लावू. मग आईकडे वळून म्हणाली, "काकू, तुम्ही पण चला."

मला वाटलं, नाही म्हणेल. आई म्हणाली, "चाल. पाहून घेतो यंदाचा पळस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घर गावात नेलं, भावाच्या दारासमोर उभं केलं. चालवते मीच. नवऱ्याने बांधलं म्हणून काय झालं, त्याचं स्टिअरिंग म्हणजे बैलगाडी. आई बाहेर आली, लुगड्याचा काठ सारखा केला, आणि पायरीशी चपला काढल्या.

"चपला कायले काढतं आई? चढ तशीच."

"असू दे," म्हणाली. चपला हातात घेऊन चढली आणि माझ्या बाजूच्या सीटवर बसली. पाण्याची बाटली मांडीवर.

भावजयीने डबा घराच्या ओट्यावर आणून ठेवला होता. "ताई, आईंचा डबा घेजा," असं सांगून ती दूध उतू जातं म्हणून आत पळाली. मैत्रीण आणि नवरा मागे गोवऱ्यांचं पोतं चढवत होते. मी डब्याकडे पाहिलं. स्टीलचा, तीन पुडांचा, वर कापड बांधलेलं. कित्येक वर्षं हा डबा माझ्या घरात येतो आणि माझ्या चुलीची पत घालवून परत जातो. मी त्याला हात लावला नाही. वर चढले, चावी फिरवली, निघाले. डबा आरशात बराच वेळ दिसत होता.

दारव्हा गेलं, दिग्रस मागे पडलं आणि मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळसच पळस. एक पान नाही झाडाला, सगळी फुलं. मधूनच एखादी काटेसावर, तिची फुलं मोठी आणि जाड, रस्त्यावर पडून चाकाखाली येत होती. आई खिडकीला चिकटून बसली होती. "लहानपनी आम्ही याच्या फुलातलं पानी चोखत होतो," म्हणाली. "गोड लागे. माह्या मायनं पाह्यलं का मारे, कपड्याले डाग पडते म्हनून." मग एकदम, "थांबव, थांबव!" मी ब्रेक दाबला. तिला खाली पडलेली फुलं पाहिजे होती. मैत्रीण उतरून ओंजळभर घेऊन आली. आईने एक फूल तोंडात धरलं आणि डोळे मिटले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, तोंडात पळसाचं फूल! मला हसू आलं. तेवढ्यात ओट्यावरचा डबा आठवला. वाटलं, अजून परत फिरता येईल. फिरले नाही.

पुसदच्या अलीकडे एका कोरड्या नाल्यात जागा मिळाली. नुसती रेती, काठावर जांभळाची दोन मोठी झाडं, सावली गार. नवऱ्याने रेतीत गोवऱ्या रचल्या. मैत्रिणीने कणीक मळून रोडगे वळले, मी आत शेगडीवर वांग्याची भाजी टाकली. धूर वर जात होता, कुठेतरी भारद्वाज घुमत होता, आई खुर्चीवर बसून निखारा कसा करावा ते जावयाला शिकवत होती. "जवाईबापू, फुकू नका, आपोआप होते." इतकी छान वेळ होती की मी स्वतःवरच चिडले. एवढ्या चांगल्या दिवसात मी हा खडा टाकून ठेवला होता.

साडेबारा झाले. आईने पिशवी उघडली, आत पाहिलं, बंद केली.

"डबा राह्यला वाटते," म्हणाली. आवाजात काही नाही.

"असं कसं झालं काकू?" मैत्रीण म्हणाली.

मी भाजी हलवत राहिले. माझं गणित साधं होतं. भूक लागेल, ती म्हणेल, "वाढ व थोडं," आणि मी वाढीन. एवढंच मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. एकदाच.

तिने काही म्हटलं नाही. एक वाजला. रोडगे राखेत खरपूस होत आले. आईने लुगड्याच्या पदराने कपाळ पुसलं, परत पुसलं. हवा गार होती. मैत्रीण तिच्याजवळ गेली, हात धरला आणि माझ्याकडे पाहून ओरडली, "अगं, हात कापतोय यांचा! शुगरची गोळी घेतली का सकाळी?"

घेतली होती. आई शुगरची गोळी रोज सकाळी घेते हे मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं आणि तरी मी भाजी हलवत बसले होते. चमचा टाकला. मी साखरेचं पाणी घेऊन धावले. आईने ग्लासाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मैत्रिणीने पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून दोन बिस्किटं तिच्या हातात दिली. ती तिने खाल्ली. आपल्या बाटलीतलं पाणी प्यायली.

पाच-दहा मिनिटांत तिचा चेहरा परत ठीक झाला. बरं वाटलं. देवा, किती बरं वाटलं! आणि लगेच दुसरं वाटलं, तेही सांगते, लपवून काय करू. तिने परक्या पोरीच्या हातचं खाल्लं आणि माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला, ते मला फार लागलं. आईचा जीव घाबरा करून वर मलाच लागलं. असा माझा स्वभाव.

मी तिच्यासमोर रेतीत बसले. सगळ्यांसमोरच म्हटलं, "आई, डबा राहिला नाही. मी मुद्दाम ठेवला. मला दिसला होता."

नवरा निखाऱ्यातून रोडगा काढत होता, तो थांबला. मैत्रिणीने तोंडावर हात ठेवला.

आई म्हणाली, "मले माहीत आहे. मलेही दिसला होता."

"काय?"

"खिडकीतून दिसते न ओटा. तू पाह्यलं, अन् चढली. मी म्हटलं, चाल, पाहू आज काय करते."

"मग बोलली काहून नाही?"

"तू काहून नाही बोलली?" आता तिचाही आवाज चढला. "सकाळपासून वाट पाहून राह्यली मी. आता म्हनन, मंग म्हनन. आई, जेव. एवढं दोन अक्षराचं बोलनं! इतके वर्सं झाले, तू मले जेव म्हटलंच नाही. पह्यले म्हने. मंग तेही सोडलं."

मी इतकी वर्षं समजत होते की ती मला नाकारते आहे. ती माझ्या विचारण्याची वाट पाहत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. नवऱ्याने हळूच म्हटलं, "खाण तशी..." आणि माझ्याकडे पाहून वाक्य गिळलं.

"जेव न आई," मी म्हटलं. रडू येत होतं, ते आवरलं नाही. "जेव माझ्याकडे."

आईने डोकं वर करून आमच्या त्या पांढऱ्या पत्र्याकडे पाहिलं. खिडकीचा पडदा, पायरी, दाराच्या कडेचा पिवळा रंग, सगळ्यावरून नजर फिरवली.

"पह्यले एक सांग," ती म्हणाली. "हे घर आहे का गाडी?"

नवरा आणि मैत्रीण दोघंही माझ्या तोंडाकडे पाहत होते. या एका शब्दासाठी मी दिवाळीपासून सगळ्या जगाशी भांडले होते. भावाशी, कचेरीतल्या बायकांशी, पेट्रोल पंपावरच्या माणसाशीसुद्धा. आई मला वाट काढून देत होती. लेकीच्या घरी जेवायचं नाही, ही रीत. गाडीत जेवू नये असं कुठे आहे?

"गाडी आहे आई," मी म्हटलं. "जुनी शाळेची गाडी."

"मंग आन," ती म्हणाली. "वाढ."

मी ताट आणायला आत गेले तेव्हा मागून नवऱ्याचा आवाज आला, "चहा तुझ्याकडे लागला हो!" त्याला माहीत असतं मला कधी हसवायचं.

रोडगा फोडून मी त्यात तूप सोडलं, भाजी वाढली, वर कांदा. आई पायरीवर बसून जेवली. तोंड पलीकडे केलं नाही. पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे भाजीत." दुसरा घेतला, "वांगे चांगले आहेत पन." मग तिने दुसरा रोडगा मागितला. मी तिच्या पायाशी रेतीत बसून ती कशी चावते, कशी बोटं पुसते, पाहत होते. माझी आई माझ्या चुलीवरचं खाताना कशी दिसते, हे मी छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी तिने ग्लास पुढे केला. मी टाकीचं पाणी ओतून दिलं. तिची बाटली बाजूला तशीच पडून होती.

परत येताना ती पुढेच बसली. मागे दोघं पेंगत होते. ऊन उतरलं होतं आणि पळस आता जरा काळसर लाल दिसत होते. दिग्रस गेल्यावर समोर रस्त्याकडे पाहत म्हणाली, "तुह्या घरचं मले काई वाईट नोहतं. मले वाटे, मी जेवली म्हंजे मीच आस सोडली. देवानं पाह्यलं तं म्हनन, इच्या मायनंच सोडली, आता मी कायले देऊ. म्हनून नाही जेवली."

मी गियर बदलला. एवढी वर्षं मी जिला हट्ट म्हणत होते, ती तिची प्रार्थना होती. माझ्या घरचं अन्न न शिवता, माझ्यासाठी केलेली.

"मग आज?" मी विचारलं.

"आज म्हटलं, जाऊ दे. जे आहे तेच पाहावं." मग खिडकीबाहेर बोट दाखवून, "तो पाहा, केवढा पळस!"

गावात पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. भावाच्या दारासमोर मी थांबले. सकाळचा डबा ओट्यावर नव्हता, भावजयीने उचलला असणार. शेजारची म्हातारी तिच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. आई चपला हातात घेऊन सावकाश खाली उतरली, खाली आल्यावर पायांत घातल्या.

"काय व बाई, कुठं गेलती दिवसभर?" म्हातारीने विचारलं. "जेवलं का काही? तुह्या सुनेनं डबा तं इथंच पाह्यला म्हने."

"जेवली न. पोटभर जेवली," आई म्हणाली. "लेकीच्या घरी जेवली."

म्हातारीचा सुपातला हात थांबला. आईची रीत अख्ख्या गल्लीला माहीत होती. "लेकीच्या घरी? म्हंजे यवतमाळले जाऊन आली?"

"यवतमाळले कायले?" आईने काठी उचलून माझ्याकडे, खिडकीकडे, पायरीकडे दाखवलं. "हे काय, समोर उभं आहे न घर. दिसत नाही का तुले?"

मी इंजिन बंद केलं. मग मागे जाऊन दंडाच्या चहाचं आधण ठेवलं, म्हातारीला धरून पाच कपांचं.